लाइन आली का?

बीदर जिल्ह्यातल्या ठाणाकुशनूरवर थेट इंग्रजांचं राज्य कधी नव्हतंच, अंमल निजामाचा. कचेरीत उर्दू, घरात मराठी, बाजारात कन्नड. तरी इंग्रजीतला एक शब्द इथे असा रुळलाय की घरचाच वाटावा. तो शब्द म्हणजे लाइन.

‘लाइन आली का?’ असं विचारलं की परगावचा पाहुणा रस्त्याकडे बघतो, आपण बल्बकडे. लाइन म्हणजे वीज. ती येते, जाते, आणि हरभऱ्याला पाणी द्यायचं असलं की नेमकी मध्यरात्री उगवते. जावयाचीही कुणी इतकी वाट पाहत नाही.

रेशन दुकानासमोर हीच लाइन माणसांची होते. तिथे स्वतः उभं राहायलाच हवं असं नाही. पिशवी ठेवून चहाला गेलं तरी नंबर शाबूत. सोयरिकीच्या बैठकीत मामा विचारतात, ‘पोरगं कोणत्या लाइनीत हाय?’ म्हणजे कमावतं काय. तेच पोरगं कॉलेजच्या फाटकापाशी लाइन मारताना दिसलं, की त्याला ‘लाइनीवर आणायचं’ ठरतं आणि बार उडवून देतात. एका माणसाच्या अख्ख्या चरित्राला एवढा एक शब्द पुरतो.

मुळात हा शब्द जवसाचा. लॅटिनमध्ये जवसाला लीनुम म्हणत. त्याच्या धाग्यावरून लीनेआ आणि पुढे लाइन. रोमनांनी जवसाचा धागा काढून ताणला. आपण जवसाची चटणी केली. आपल्या लाइनीत सरळपणा कमी आणि चव जास्त, ती बहुधा त्यामुळेच.

सरळ लाइन आखायचा खटाटोप सरकारने केला. 1 नोव्हेंबर 1956 रोजी भाषावार राज्यं झाली आणि बीदर जिल्हा तिघांत वाटला गेला. उदगीर, निलंगा, अहमदपूर मुंबई राज्यात. जहीराबाद, नारायणखेड आंध्रात. औराद, भालकी म्हैसूरकडे. औरादबरोबर ठाणाकुशनूरही तिकडेच. सोयरिकींना ही वाटणी कुणी कळवलीच नाही. लेक उदगीरला द्यायची, सून भालकीची आणायची, हे चालूच राहिलं.

आता कन्नड बोलणारा लाइनमन खांबावर आणि मराठी शेतकरी खाली, असं झालं तरी ‘लाइन’ म्हटलं की दोघांचं भागतं. भाषा बघून आखलेल्या लाइनीवर बोलणं अडू नये, एवढी सोय इंग्रजांनी, इथे न येताच, करून ठेवली.