तेव्हा शिर्डी नव्हती

कोपरगावात पाहुणा आला, की चहाचा कप खाली ठेवायच्या आत यजमान विचारतो, "मग, शिर्डीला कधी निघायचं?" पंधरा किलोमीटरवर बाबा असताना गावात बघायचं काय, ही शंका पाहुण्याआधी यजमानालाच येते. साईभक्त वर्षानुवर्षं आपल्या स्टेशनावर उतरले आणि मिळेल त्या गाडीने पुढे गेले. २०१७ साली विमानतळ झाला, तोही आपल्याच तालुक्यात, काकडीला. जमीन आपली, पाटी शिर्डीची.

मुद्दाम मुक्कामाला आलेले थोर पाहुणे एकच, रघुनाथराव पेशवे. ज्याच्या फौजेने अटकेपर्यंत घोडी दामटली, तो हा माणूस १७८२च्या सालबाईच्या तहानंतर पेन्शन घेऊन गोदाकाठी आला आणि पुढच्याच वर्षी इथेच वारला. एवढा हिंदुस्थान सोडून त्यांनी कोपरगाव निवडलं, हे आपण छाती फुगवून सांगतो. तेव्हा शिर्डीला कुणी जात नव्हतं, हे सांगत नाही.

खरा ऐवज कोपरगावच्या बेट भागात आहे. तिथे शुक्राचार्यांचं मंदिर आहे, कचेश्वरही आहे. संजीवनी विद्येचं कॉलेज ते हेच, असं आपण मानतो. नंतर ते नाव साखर कारखान्याने घेतलं, इंजिनिअरिंग कॉलेजनेही घेतलं. शुक्राचार्यांचा शिष्य कच, त्याचा कोर्स हजार वर्षांचा. मधे तीनदा जीव गेला, तीनदा परत आला; एटीकेटीवाल्यांचा मूळपुरुषच तो. शेवटी गुरुकन्या देवयानीने लग्नाचं विचारलं, तर म्हणाला, आपण बहीणभाऊ. (आमच्या पोरांना हे वाक्य ऐकायची सवय आहे, म्हणायची नाही.) तिने शाप दिला: ही विद्या तुला फळणार नाही. तो म्हणाला, हरकत नाही, मी शिकवेन त्याला फळेल. म्हणजे पदवी घेऊन क्लास काढण्याची प्रथाही इथलीच.

आता गावातली बाग. कच-देवयानी आज असती, तर बेट सोडून बागेतल्या बाकावर बसली असती आणि दहाव्या मिनिटाला रखवालदाराची शिट्टी ऐकली असती. त्याला 'मी शुक्राचार्यांची मुलगी' सांगून भागत नाही, तो आधार कार्ड मागतो. त्यापेक्षा सरळ बेटात जाऊन लग्नच करावं. शुक्राचार्यांच्या दारी लग्नाला मुहूर्त लागत नाही, अशी श्रद्धा आहे. फोटोग्राफरला तेवढं आधी सांगून ठेवा. तो शिर्डीला गेलेला असतो.