कोरडं राहण्याचा खटाटोप

जंगलात राहायला जायचं म्हटलं की आपल्याला आधी अंधार आठवतो, मग साप. पावसाचा नंबर तिसरा, तोही ‘छत्री घेतलीस का’ एवढ्यापुरता. ऐन श्रावणात आगुंब्याला जायचं ठरल्यापासून घरी येऊन गेलेल्या प्रत्येकाने याच क्रमाने माझी काळजी केली आहे. शेजारच्या काकांनी तर हातभर लांबीची जुनी लोखंडी बॅटरी आणून दिली. साप दिसला की सरळ डोळ्यांवर मारायची, म्हणाले. झोत मारायचा की बॅटरी, हे विचारायचं राहून गेलं.

आगुंबे कर्नाटकात, शिवमोग्गा जिल्ह्यात, सह्याद्रीच्या ऐन काठावर आहे. कोकण रेल्वेने उडुपीला उतरायचं, तिथून वळणावळणाचा घाट चढायचा, की सुमारे साडेसहाशे मीटर उंचीवर हे गाव येतं. समुद्रावरून आलेला ढग इथे डोंगराला अडतो आणि जे काही आणलं असेल ते उतरवून ठेवतो. वर्षाला ७,००० मिलिमीटरच्या वर पाऊस. पुण्यात पडतो तो ७०० च्या आसपास. म्हणजे आमच्याकडे ज्याला दहा वर्षं लागतात, ते तिथे एका वर्षात होतं. आणि त्यातलाही बहुतेक भाग जून ते सप्टेंबरमध्ये उरकायचा असल्यामुळे पाऊस दिवसपाळी आणि रात्रपाळी दोन्ही करतो. १९४६ च्या ऑगस्टमध्ये तर एका महिन्यात साडेचार हजार मिलिमीटर पडल्याची नोंद आहे. शंकर नाग यांनी ‘मालगुडी डेज’चं चित्रण इथेच केलं, त्यामुळे आमच्या पिढीला गाव ओळखीचं वाटतं. पण ती मालिका बघताना कोणाचे कपडे वाळले होते की नव्हते, याकडे आमचं लक्ष नव्हतं.

माझी भाची बेडकांवर काम करते. राहायची जागा तिनेच ठरवली. तिथून जे पत्र आलं, त्यात काय आहे यापेक्षा काय नाही याचाच मजकूर जास्त. वीज मंडळाची तार नाही. मोबाइलला रेंज नाही. खोलीत प्लग नाही, पंखा नाही, गीझर नाही. आंघोळीचं पाणी चुलाण्यावरच्या हंड्यात तापतं. साबण त्यांचाच वापरायचा, कारण न्हाणीचं पाणी केळीच्या बुंध्याशी जातं. वेष्टणातलं काही आणलंत तर वेष्टण परत घेऊन जायचं. शेवटी दर लिहिला होता. तो वाचल्यावर कळलं, की नसलेल्या गोष्टी असलेल्यांपेक्षा महाग पडतात.

माझ्या सासूबाई सावंतवाडीकडच्या. पत्र त्यांना वाचून दाखवलं, तर म्हणाल्या, ‘म्हणजे माझ्या म्हायराक चललंस तू. पैसे कित्याक देतंस?’

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, म्हणून मी विषय त्यांच्या माहेराकडे वळवला. त्यांच्या लहानपणी अख्खा मे महिना आगोटीच्या धांदलीत जायचा. पावसाच्या तोंडावर लाकूडफाटा पडवीत रचायचा, शेणी आत घ्यायच्या. मातीच्या भिंतींना झड लागू नये म्हणून बाहेरून चुडतांचे आडोसे बांधायचे. कुळीथ, आमसुलं, सांडगे, पापड, सुकी मासळी यांना शेवटचं ऊन दाखवून डबे-मडकी बंद करायची. मीठ चुलीच्या जवळ ठेवायचं. ‘आणि अंधाराचं काय?’ मी विचारलं. त्या जरा विचारात पडल्या. अंधाराची तयारी म्हणजे एक कंदील आणि रॉकेलची बाटली. बाटली मुलांनी सांडू नये, एवढीच काय ती दक्षता. सापांसाठी तर काहीच तयारी नव्हती, ते बारा महिने होतेच. उरलेली सगळी खटपट ओलीशी होती.

भाचीचंही म्हणणं तेच, फक्त ती सांगते फोनवरून. ‘मावशी, जीन्स अजिबात आणू नकोस. एकदा भिजली की पुण्याला परत जाईपर्यंत ओलीच राहील.’ सुती कापड पाणी धरून ठेवतं, आणि हवेतच इतकं पाणी असतं की कापडातलं बाहेर जायला जागा नसते. दोरीवर घातलेला टॉवेल संध्याकाळी सकाळपेक्षा जड लागतो, असं ती शपथेवर सांगते. पट्टा, पाकीट, चप्पल, जे जे म्हणून चामड्याचं असेल त्यावर हिरवट लव येते. बुटांत रात्री वर्तमानपत्राचे बोळे कोंबून ठेवायचे. अग्रलेखाचं पान जाड असतं का गं, असं मी विचारलं. तिने मनावर घेतलं नाही.

म्हणून मग भराभर वाळणारी पँट घ्यायला एका मोठ्या दुकानात गेले. गुडघ्यापाशी चेन, ती उघडली की पँटची चड्डी होते. खिसे इतके की वस्तू ठेवलेल्या खिशाचाच शोध घ्यावा लागावा. किंमत पाहून मी पाठ फिरवणार, तेवढ्यात विक्रेता म्हणाला, ‘मॅडम, ही ॲमेझॉनच्या जंगलात पण चालते.’ मी विचारलं, तुम्ही जाऊन आलात? ‘नाही, मी सिंहगडाला वापरली,’ म्हणाला. या प्रामाणिकपणासाठी मी पँट घेतली. रेनकोट मात्र घेतला नाही. वॉटरप्रूफ रेनकोटात पाऊस बाहेर राहतो हे खरं, पण चढावर घाम आतच राहतो, आणि माणूस भिजतो तो भिजतोच. भातलावणीच्या बाया वाकून डोक्या-पाठीवर इरलं घेतात, त्यात हात मोकळे, हवा मोकळी, आणि घाटमाथ्यावरचा धनगर घोंगडीची खोळ करतो, ती भिजली तरी ऊब देते. या दोन्हींपेक्षा बरं काही त्या दुकानाच्या दोन मजल्यांवर मला दिसलं नाही. पण इरलं घालून उडुपीच्या गाडीत बसायचं धैर्य माझ्यात नाही, आणि घोंगडीला खिसे नसतात.

आता जळवा. मलनाडात, म्हणजे आगुंब्याच्या त्या डोंगराळ मुलखात, त्यांना इंबळ म्हणतात. या पाण्यातल्या नव्हेत, जमिनीवरच्या, सुतळीच्या तुकड्याएवढ्या. ओल्या पाचोळ्यात किंवा पानाच्या टोकावर एका बुडावर उभ्या राहून त्या हवेत डुलत असतात. श्वासाची, अंगाच्या उबेची चाहूल लागली की ताठ होतात आणि वितीने मोजत मोजत तुमच्याकडे निघतात. डोळे पाच जोड्या, जबडे तीन. चावा कळत नाही. चावताना त्या रक्त गोठू न देणारं द्रव्य सोडतात, त्यामुळे जळू पोट भरून निघून गेल्यावरही रक्त वाहतच राहतं, आणि मोजा लाल दिसला की मग आपण ओरडतो. एव्हाना ती कुठल्या तरी पानाखाली पचवत पडलेली असते.

यावर उपाय सांगणाऱ्यांची आपल्याकडे वाण नाही. तंबाखूच्या पाण्यात मोजे बुडवा, तपकीर चोळा, चुना लावा, काडी पेटवून चटका द्या. काकांनी मिठाची पुरचुंडी काठीला बांधून दिली. जळू अंगाला चिकटली की पुरचुंडी टेकवायची, ती पटकन सुटते. हा सल्ला थेट संहितेतला आहे. जळवा लावून अशुद्ध रक्त काढण्यावर सुश्रुतसंहितेत अख्खा अध्याय आहे. त्यात जळवांचे बारा प्रकार, सहा विषारी आणि सहा निर्विष. त्या कशा पकडायच्या, घटात कशा पाळायच्या, आणि लावलेली जळू सुटतच नसेल तर तिच्या तोंडावर सैंधव टाकायचं. भाची म्हणाली, सुश्रुताला जळू मुद्दाम लावायची होती, आपल्याला नाही. मीठ किंवा चटका दिला की जळू पोटातलं जखमेतच ओकते. त्यापेक्षा नख तिच्या तोंडाखाली सरकवायचं, पकड सुटते, आणि टिचकी मारायची. आणि मुळात गुडघ्यापर्यंतचे घट्ट विणीचे मोजे पँटवरून चढवायचे. त्यात माणूस बावळट दिसतो, पण बघणाऱ्यांनीही तेच घातलेले असतात. सासूबाईंची हरकत वेगळीच होती. मिठाच्या पुरचुंडीला हात लावून त्या म्हणाल्या, ‘ह्या काठीक लावतलंस तेवढ्यात ह्याचा पाणी होतला.’

विजेचं एवढं काही नाही. छपरावर सौर तावदानं आहेत, पण आगुंब्याच्या पावसाळ्यात सूर्य हा ऐकीव विषय. तेव्हा मलनाडातली जुनी युक्ती कामी येते: मागच्या ओढ्याचं पाणी पाइपाने खाली आणून लहानसं टर्बाइन फिरवायचं. त्या भागातल्या अनेक घरांनी असं एखादं किलोवॉटचं खासगी धरण बसवून घेतलं आहे. पाऊस वाढला की तारेवरची वीज जाते हा आपला जन्माचा अनुभव. इथे पाऊस वाढला की वीज येते. स्वयंपाकघरात एक फळी आहे, तिथे फोन लावून ठेवायचा, रांगेत. रेंज नसलेल्या फोनला चार्ज कशाला हवा, हे मला अजून कोणी पटवून दिलेलं नाही.

राहिला साप. तो मामुली नाही, नागराज आहे, जगातला सर्वांत लांब विषारी साप. सर्पतज्ज्ञ रोम्युलस व्हिटेकर यांना १९७१ साली आगुंब्यात नागराज भेटला, आणि पुढे २००५ मध्ये त्यांनी तिथेच वर्षावन संशोधन केंद्र उभं केलं. तिथल्या लोकांच्या तोंडी नागराजाचं नाव काळिंग. २०२४ मध्ये शास्त्रज्ञांनी नागराजाच्या चार जाती वेगळ्या केल्या तेव्हा पश्चिम घाटातल्या जातीला हेच नाव दिलं. हा खातो तो प्रामुख्याने इतर साप, त्यामुळे माझ्यासारखीत त्याला रस असण्याचं कारण नाही. पण भाचीने त्याच्याबद्दल जे सांगितलं, त्यानंतर मी काकांची बॅटरी त्यांना परत केली. नागराजाची मादी अंडी घालण्यासाठी घरटं बांधते. असं घरटं रचणारा दुसरा साप माहीत नाही. पावसाळ्याच्या आधी ती अंगाच्या वेटोळ्याने पाचोळा ओढून आणते, त्याचा ढीग रचते, आणि स्वतः त्यात फिरून फिरून पानं दाबून बसवते. हात नाहीत, पाय नाहीत, चुडतं बांधायला कोणी माणूस नाही. पुढे वरून धोधो कोसळत असताना आतली अंडी कोरडी राहावीत, एवढ्यासाठी हा सगळा उपद्व्याप. सासूबाईंना हे सांगितलं. आगोट कोणाला चुकली आहे, अशा अर्थाची मान त्यांनी हलवली, आणि पहिल्यांदाच सापाबद्दल बरं बोलल्या.

बॅटरीच्या जागी आता डोक्याला बांधायचा छोटा दिवा आहे, तांबड्या उजेडाचा. तांबड्या उजेडाला किडे कमी जमतात आणि बेडकांचं गाणं थांबत नाही, असं भाचीचं म्हणणं. शिवाय मधूनमधून तोही विझवायचा आहे, कारण भर पावसाळ्यात घाटातल्या कुजक्या लाकडांवर एक बुरशी येते, ती अंधारात हिरवट चकाकते. आंबोलीच्या आसपास आणि गोव्यात म्हादईच्या जंगलातही ती दिसते. जिच्यापासून कॅमेरा वाचवायचा, तिलाच बघायला जायचं आहे, हे आता माझ्या लक्षात येतंय.

कॅमेऱ्याच्या भिंगात एकदा बुरशी शिरली की तिचे धागे जाळं विणतात, आणि मग प्रत्येक फोटोत धुकं येतं. त्यावर सिलिका जेल. बुटांच्या खोक्यांतून, औषधांच्या बाटल्यांतून निघालेल्या त्या ‘खाऊ नये’ लिहिलेल्या पुड्या मी वर्षानुवर्षं एका डब्यात साठवल्या होत्या. उघड्या डब्यात राहून त्यांनी आमच्या स्वयंपाकघराची सगळी ओल केव्हाच पिऊन घेतली होती, म्हणजे आता त्यांनाच वाळवायला हवं. सासूबाईंनी त्यांच्याकडे पाहिलंही नाही. मूठभर तांदूळ कोरडेच भाजले, निवले तसे जुन्या मलमलीत बांधले आणि कॅमेऱ्याच्या हवाबंद डब्यात ठेवून झाकण लावलं.

बॅग भरून झाली, आणि भाचीचा निरोप आला. ती पुढे निघाली होती, घाट चढला की रेंज जाणार. नियम, वेष्टण, वजन यांपैकी एक अक्षर नाही. ‘मावशी, बाकरवडी आण. अर्धा किलो. स्टीलच्या डब्यात.’

‘बाकरवडी थंय मऊ पडतली,’ सासूबाई म्हणाल्या. मग त्यांनी कॅमेऱ्याचा डबा उघडला, तांदळाची पुरचुंडी काढली, बाकरवडीच्या डब्यात तळाशी घातली आणि वरून झाकण गच्च दाबलं. मी काही बोलायच्या आत म्हणाल्या, ‘कॅमेरो पुसूक येता.’