सुटता सुटेना

ब्रेकबद्दल माणसाला एकच धास्ती असते, ऐन वेळी लागले नाहीत तर? लागलेले ब्रेक सुटलेच नाहीत तर, हा विचार सहसा कुणी करत नाही. जुनी गाडी बाळगणाऱ्याला मात्र तो करावा लागतो.

कारण हा आजार आपलं नाव सांगत नाही. आधी ॲव्हरेज पडतं, तेव्हा आपण पेट्रोल पंपवाल्यावर संशय घेतो. मग गाडी ओढेनाशी होते, त्याचा आळ क्लचप्लेटवर जातो. मग ती सरळ रस्त्यावर डावीकडे कलायला लागते, तर टायरमधली हवा दोषी. घाटात जळका वास आला की सगळे भराभर काचा वर करतात आणि पुढच्या ट्रकवाल्याचा उद्धार करतात. पुढच्या वळणावर ट्रक दिसेनासा होतो. वास आपल्याबरोबरच कोकणात उतरतो.

आमची मारुती ८०० कार्ब्युरेटरच्या काळातली. या गाडीची पहिली किल्ली डिसेंबर १९८३ मध्ये ग्राहकाच्या हाती पडली आणि जानेवारी २०१४ मध्ये तिचं उत्पादन थांबलं. म्हणजे त्या खानदानातलं शेंडेफळसुद्धा आता जुनंच म्हणायचं. पुढे डिस्क, मागे ड्रम, आणि बॉनेटखाली असलेलं सगळं हाताला लागणारं. त्यामुळे मेस्त्री मंडळी तिच्यावर अजून प्रेम करतात.

आमच्या मेस्त्रींनी लक्षणं ऐकून घेतली नाहीत. म्हणाले, “एक फेरी मारून आणा. थांबताना होईल तेवढा ब्रेक टाळा, गाडी आपली आपण मंदावू द्या.” परत आल्यावर त्यांनी एकेका चाकाजवळ तळवा नेला. तीन चाकं कोमट. पुढच्या डाव्या चाकावर पाण्याचे चार थेंब शिंपडले, ते चर्रकन उडाले. आरोपी सापडला, पण मेस्त्रींच्या मते तो आरोपी नव्हता, साक्षीदार होता.

गंमत अशी की डिस्क ब्रेकच्या पिस्टनला मागे आणायला स्प्रिंग नसते. पिस्टनभोवती एक रबरी सील असतं. पॅडल दाबलं की पिस्टन पुढे जातो आणि ते सील किंचित पिळलं जातं. पाय उचलला की ते पूर्ववत होतं आणि पिस्टनला केसभर मागे घेतं. बस, एवढंच. पिस्टनला गंज चढला, कॅलिपरच्या पिना कोरड्या पडल्या किंवा रबर फुगलं, की हे केसभर अंतरही मिळत नाही.

मेस्त्रींनी चाक जॅकवर उचललं, पॅडल दाबून सोडलं आणि चाक हाताने फिरवून पाहिलं. पॅड थोडे घासतातच, तेवढं चालतं. हे मात्र जागचं हलेना. मग त्यांनी कॅलिपरवरचं निपल पान्याने जरा सैल केलं. तेलाची एक चिळकांडी उडाली आणि चाक गरागरा फिरलं! “पिस्टन चांगलाय. तेल माघारी जात नाहीये.” मास्टर सिलेंडर अडला असता तर हे चाक एकटं तापलं नसतं, दुसरंही सोबतीला आलं असतं. राहिला होज पाईप. बाहेरून काळाभोर, धडधाकट. आतून मात्र फुगून जवळजवळ बुजलेला. पायाच्या जोराने तेल जातं, परतीला तो जोर नसतो. हातउसन्या पैशांचं असतं तसंच.

निपल सोडूनही चाक जाम राहिलं असतं तर शोध वेगळ्या दिशेने गेला असता. पुढे पिस्टन नाहीतर पिना, मागे ड्रमच्या स्प्रिंगा किंवा हँडब्रेकची केबल. दोन मिनिटांत अर्धे संशयित घरी पाठवणारी ही युक्ती मला फार आवडली. नाहीतर आधी पॅड बदला, मग कॅलिपर बदला, आणि शेवटी मालकाला गाडीच बदलायला सांगा, अशीही एक चिकित्सापद्धती शहरात आहे.

दोन्ही पुढचे होज बदलले, हवा काढली, नवं ब्रेक ऑईल भरलं. ते हवेतली ओल शोषून घेतं आणि मग आतून गंज धरतो, म्हणून दर दोन वर्षांनी बदलायचं. फोडून ठेवलेला जुना डबा पुरवून वापरायचा नाही. आणि त्या टाकीत इंजिन ऑईल चुकूनही ओतायचं नाही. सगळी रबरं फुगतात आणि मग चारही चाकं एकमताने धरून बसतात.

आणखी एक. पावसाळ्यात गाडी सपाट जागी आठवडाभर उभी राहणार असेल तर हँडब्रेक ओढून ठेवू नका, ओलीने लायनर ड्रमला चिकटतात. गाडी पहिल्या गिअरमध्ये ठेवा आणि चाकाला पुढूनमागून दगड लावा. निघताना ते दगड तेवढे काढा, नाहीतर ब्रेक धरतायत म्हणून मेस्त्रींना फोन कराल.