दोन थवे, एक किनारा

गणपती गावाला गेले की अलिबागजवळच्या आक्षीच्या किनाऱ्यावर दोन थवे दिसू लागतात. पहिला चिखल्या पक्ष्यांचा. मूठभर जीव, पण लडाख-तिबेटच्या पठारावर पिल्लं वाढवून हिमालय ओलांडून येतो आणि गाजावाजा न करता कामाला लागतो : चार पावलं धावायचं, थबकायचं, वाळूतून किडा उपसायचा. दुसरा थवा शनिवारी मांडव्याच्या रोरो बोटीतून गाडीसकट उतरतो. अंगावर पानापानांचे जंगली कपडे (मागे नुसती वाळू, पण असो), खांद्यावर तोफेएवढी लेन्स, आणि पहिली चौकशी मिसळीची.

चिखल्यांचं वेळापत्रक भरती-ओहोटीवर चालतं, यांचं सुट्टीवर. त्यामुळे ऐन ओहोटीला पोचायचं आणि पक्षी लांब गेले म्हणून कुरकुरायचं. एकजण पोटावर सरपटत निघतो. दुसऱ्याला उडतानाचाच फोटो हवा, म्हणून तो सरळ थव्यावर धावतो. एवढा हिमालय ओलांडला, तर याच्यासाठी आणखी शंभर फूट उडायला काय जातंय? फोटोखाली ‘निसर्ग वाचवा’ असतंच.

या दुसऱ्या थव्याची खरी चांदी झाली २०२३ साली. पक्ष्यांच्या जागतिक यादीत या छोट्या चिखल्याच्या दोन जाती झाल्या, सैबेरियन आणि तिबेटी. थंडीतल्या पिसाऱ्यात दोघांना वेगळं ओळखताना भल्याभल्यांचा घाम निघतो. आपल्याकडे येतात ते बहुतेक तिबेटीच. पण स्वतः पाहिलेल्या पक्ष्यांच्या यादीचा आकडा अडलेला असेल तर एखादा सैबेरियन दिसतोच; फोटो हलला असेल तर हमखास.