बेचाळीसची कमर

बाबांच्या स्टॉपवॉचची कथा आमच्या घरी सत्यनारायणाच्या कथेसारखी मुखोद्गत आहे. ४ फेब्रुवारी १९५९. राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते भिलाईची पहिली ब्लास्ट फर्नेस सुरू झाली आणि त्याच संध्याकाळी एका रशियन इंजिनिअरने हे ‘अगात’ बाबांच्या हातात ठेवलं. पुढे टाइम स्टडीला बाबा ते घेऊन शॉपमध्ये शिरले की चपळ कामगारांचेही गुडघे दुखू लागत. घरी त्यांनी आईच्या पोळ्यांचीही वेळ लावली होती. एकदाच.

निवृत्तीनंतर मला या घड्याळाची जन्मतारीख काढायची हुक्की आली. रीत एल्जिनवरून उचलली: अमेरिकेतल्या या कंपनीचं पहिलं घड्याळ १८६७चं, नंबर १०१; तिथून पुढे मशीनवरचा नंबर यादीत शोधा, वर्ष घ्या. केसवरच्या नंबरवर मात्र विसंबायचं नाही, केस काय, कुणीही बदलतो. मी झाकण उघडलं. आत स्वच्छ ४२८२, शेवटी एक रशियन अक्षर. म्हणजे चार हजार दोनशे ब्याऐंशीवा नग! १९४१ साली जर्मन फौजा जवळ आल्या म्हणून मॉस्कोचा घड्याळ कारखाना उरल पर्वतातल्या झ्लातोउस्तला हलवला होता; अगात तिथलंच. त्या धामधुमीतलंच हे अपत्य, असं मी नागपूरच्या काकांना फोन करून सांगूनही टाकलं.

भिलाईतल्या सुपेल्याच्या घड्याळजीने ऐकून घेतलं, मशीनला व्हर्नियर लावला आणि म्हणाला, “साहब, ये उमर का नहीं, कमर का नंबर है. बयालीस मिलीमीटर.”

सोव्हिएत पद्धतीत पहिले दोन आकडे मशीनचा व्यास सांगतात, पुढचे दोन प्रकार. जेवढी अगातं या जातीची, तेवढ्या सगळ्यांवर तोच ४२८२. मी पॅंटच्या लेबलावरून माणसाचं वय काढत होतो. (माझी स्वतःची कमरही बेचाळीस, तो फक्त बघून हसला.)

वर त्याने तबकडीवरचा चिमुकला पंचकोन दाखवला. तो सोव्हिएत सरकारचा गुणवत्तेचा शिक्का, सुरू झाला १९६७ साली.

म्हणजे १९५९ची ती संध्याकाळ गेली. नव्वदीला टेकलेल्या बाबांना हे सांगणार कोण?

मीच सांगितलं. बाबा शांतपणे म्हणाले, “तबकडी नंतर बदलली असेल. मशीन बघावं, असं तूच म्हणतोस ना?”

मग मी एल्जिनपासून सुरुवात केली. झ्लातोउस्त, व्यास, पंचकोन, काही सोडलं नाही. मध्येच खटकन आवाज झाला.

“चार मिनिटं अकरा सेकंद,” बाबा म्हणाले, “आणि वर्ष अजून सांगितलेलं नाहीस.”