दोन एसएमपीएस आणि एक लाईट

धाराशिवात दोन एसएमपीएसवर, म्हणजे आतल्या भागांना वीज पुरवणाऱ्या दोन डब्यांवर, चालणारा कॉम्प्युटर बहुधा माझ्या एकट्याकडेच असावा. असावा काय, आहेच. मी मुद्दामच चौकशी करत नाही.

पाहुणा टेकायच्या आत मी कॅबिनेटचं झाकण काढतो. एक एसएमपीएस आत, दुसरा बाहेर टेबलावर. बोर्ड-प्रोसेसर आतल्याकडे, ग्राफिक्स कार्डाच्या वायरी बाहेरच्याकडे. खरी कारागिरी हिरव्या वायरीत. ती काळीला टेकल्याशिवाय एसएमपीएस जागा होत नाही. आतल्याचं हे काम मदरबोर्ड करतो, बाहेरच्याला वाली कोण? म्हणून दोघांच्या हिरव्या एकत्र, काळ्या एकत्र. बटण एक, पंखे दोन!

"एक गेला तर दुसरा सांभाळत असेल, नाही?" पाहुणा विचारतो. तसं सर्व्हरमध्ये असतं. माझ्याकडे एक गेला की कॉम्प्युटरच बसतो. पण मी अशी मान हलवतो, की अर्थ त्यानं लावावा. वर सांगतो, 450 अधिक 450, एकूण 900 वॅट. आतल्याचे उरलेले वॅट बाहेरच्याला उसने मिळत नाहीत, हे त्याला कशाला सांगा?

जोडी हा तसा आमच्या जिल्ह्याचा स्वभावच. उस्मानाबादी शेळी पाहा. काळीभोर, दुष्काळात तग धरणारी आणि जुळ्यांसाठी नावाजलेली. एकच करडू झालं तर मालकाचं तोंड उतरतं. 2023 साली जिल्हा धाराशिव झाला, शेळी मात्र उस्मानाबादीच राहिली; तिला कुणी विचारलंच नाही. कधी तिळीही होतात, पण सडं दोनच. तिसऱ्याला बाटलीनं पाजत बसावं लागतं. तिसरा एसएमपीएस मी लावला नाही तो यामुळेच.

सर्व्हरवाले दोन पिना दोन वेगळ्या लाईनींवर लावतात. माझ्या दोन्ही एकाच बोर्डात. लाईट गेली की जोडीनं गप्प.

तेव्हा चुलतभाऊ आठवतो. त्याच्या शिवारात थ्री फेजची पाळी आठवडाभर दिवसा, तर आठवडाभर रात्री. रात्रपाळीला तो एक वाजता बॅटरी घेऊन साप-विंचवाच्या रानात निघतो. विहिरीपाशी पोचावं, तर लाईट गेलेली. मग बांधावर बसून राहायचं, कारण ती कधी येईल याचा नेम नाही. त्याची मोटर पाच एचपीची, म्हणजे साधारण 3,700 वॅट. त्याच्यासमोर 900चा आकडा तोंडातून निघत नाही.

शेतीची थ्री फेज दिवसा द्या हो. हवं तर माझी लाईट काढून तिकडे वळवा. आणि 900 म्हणाल, तर खरं सांगतो, मला तेवढी लागतही नाही.