कोरम पूर्ण, वाचन अपूर्ण

जिल्हा परिषदेच्या एखाद्या प्राथमिक शाळेत जा आणि शाळा व्यवस्थापन समितीच्या इतिवृत्ताची वही मागा. वही देखणी असते. खाकी कव्हर, वर ठसठशीत अक्षरात शाळेचं नाव. आत विषय क्रमांक एक: मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे. शेवटचा विषय: अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणारे विषय. ऐनवेळी विषय येत नाही, चहा येतो. मधल्या पानांवर सूचक, अनुमोदक आणि 'सर्वानुमते मंजूर'. संसदेत वर्षभरात होत नाही एवढं एकमत या वहीत दर महिन्याला होतं. फक्त एक गोष्ट त्यात शोधून सापडत नाही: चौथीतल्या किती पोरांना चार ओळी सलग वाचता येतात.

शिक्षण हक्क कायदा 2009 चा. त्याच्या 21 व्या कलमानं ही समिती जन्माला घातली. किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक, एकूण सदस्यांत निम्म्या बायका, वंचित आणि दुर्बल घटकांतल्या पालकांना त्यांच्या प्रमाणात जागा. मुख्याध्यापक सचिव. कामंही कायद्यातच लिहिलेली आहेत: शाळेच्या कारभारावर देखरेख, शाळेचा विकास आराखडा आणि आलेलं अनुदान कुठे गेलं यावर नजर. थोडक्यात, ऊसतोडीला जाणाऱ्या बापाच्या हातात कायद्यानं शाळेचा हिशेब मागायचा अधिकार दिला. गावानं त्याच्या हातात पंधरा ऑगस्टचा नारळ दिला.

समिती बनते कशी, हाही बघण्यासारखा सोहळा. पालकसभेची सूचना निघते, ज्यांना कळायला हवी त्यांना सोडून सगळ्यांना कळते. अध्यक्षपदासाठी दोन गट समोरासमोर येतात, कारण पुढे ग्रामपंचायत आहे आणि हाताला सराव हवा. अध्यक्ष व्हायचं तर पोर त्याच शाळेत हवं. म्हणून थोरली दोन इंग्रजी शाळेच्या पिवळ्या बसमधून पाठवायची आणि शेंडेफळ तेवढं मराठी शाळेत ठेवायचं, असेही दूरदर्शी नेते निघतात. निम्म्या जागांवर बायका असतात. म्हणजे त्यांची नावं असतात. सभेला त्यांचे नवरे असतात. शिवाय शिक्षणतज्ज्ञाची एक जागा असते. गावात जो दुसऱ्याचे फॉर्म बिनचूक भरून देतो, तो शिक्षणतज्ज्ञ.

आता शाळा घसरते. पट कमी होतो, पोरं पाचवीत जाऊनही जोडाक्षराला अडतात, आयाबाया कुजबुजायला लागतात. समिती तातडीची सभा घेते आणि तातडीनं रंग आणते. भिंतींवर बाराखडी, खांबांवर पाढे, जिन्याच्या पायऱ्यांवर इंग्रजी महिने. 'बोलक्या भिंती' म्हणतात याला. मग लोकसहभागातून टीव्ही येतो. टीव्ही देणाऱ्याचं नाव टीव्हीपेक्षा मोठ्या अक्षरात लिहितात. वीजबिल थकल्यामुळे जोडणी तोडलेली असते, पण त्यासाठी देणगीदार मिळत नाही. बिल भरणाऱ्याचं नाव कुठे रंगवणार?

इंग्लंडात अशा मंडळींना शाळेचे गव्हर्नर म्हणतात. पालक, शिक्षक, आसपासचे नागरिक, सगळे बिनपगारी. तिथली ऑफस्टेड ही तपासणी यंत्रणा शाळेत आली की या गव्हर्नरांनाही समोर बसवते आणि मुलं कुठे मागे पडताहेत, तुम्हाला ते कशावरून कळलं, असं विचारते. 'सरांना विचारा' हे उत्तर तिथे खपत नाही. तिकडे सगळं आलबेल आहे असं नाही. गव्हर्नर व्हायला माणसं मिळत नाहीत, जागा रिकाम्या राहतात, ही तिथली जुनी रड. आपल्याकडे जागा भरलेल्या आहेत. खुर्च्याच तेवढ्या रिकाम्या.

तर बुडती शाळा वर काढायला समितीनं करायचं काय? माझं म्हणणं साधं आहे: रंगाचा डबा बंद करा आणि एक कागद आणा.

हा कागद 'प्रथम' संस्थेच्या 'असर' पाहणीनं देशभर फिरवलेला आहे. त्यावर सुटी अक्षरं, सोपे शब्द, पहिलीच्या पातळीचा छोटा उतारा आणि दुसरीच्या पातळीची गोष्ट. मूल यातलं कुठवर वाचतं ते पाहायचं, बस. 2024 च्या पाहणीत देशाच्या ग्रामीण भागातल्या सरकारी शाळांमधल्या तिसरीच्या मुलांपैकी दुसरीचा मजकूर वाचता आला 23.4 टक्क्यांना. शंभरातली सत्तर-ऐंशी पोरं पानावर बोट ठेवून थांबली, आणि या देशातल्या शाळांच्या इतिवृत्तात 'शैक्षणिक प्रगती समाधानकारक' हे वाक्य मात्र कुठेही थांबलं नाही.

ही तपासणी करायला बीएड लागत नाही. समितीतल्या ज्या आईला स्वतःला अक्षरओळख नाही, तीसुद्धा करू शकते. पोरगी गोष्ट वाचतेय की प्रत्येक शब्दापाशी ठेच खातेय, हे कानाला कळतं. वाचून झाल्यावर 'मग पुढं काय झालं गं?' असं विचारलं की समजलं की नाही तेही कळतं. एका दुपारी तीस-चाळीस पोरांच्या शाळेचं काम आटोपतं. मग वहीत चार आकडे लिहायचे: अक्षरापाशी किती, शब्दापाशी किती, उताऱ्यापाशी किती, गोष्टीपाशी किती. पुढच्या महिन्यात पुन्हा तेच चार आकडे. मागच्या महिन्यात शब्दापाशी अडलेली बारा पोरं आज कुठे आहेत, एवढा एकच प्रश्न सभेत विचारायचा. सभेचा रंगच बदलतो. सरांची मान खाली जाते, असं घाबरवून सांगणारे पुष्कळ आहेत. उलट, चांगल्या सरांना असा प्रश्न विचारणारं कोणीतरी हवंच असतं. इतकी वर्षं गावानं त्यांना फक्त 'दाखला कधी मिळेल' एवढंच विचारलेलं असतं.

यादी मात्र भिंतीवर लावू नका. पोरांची नावं आणि पातळी चव्हाट्यावर मांडून समितीला शौर्यपदक मिळणार नाही, फक्त दुसऱ्या दिवशी तीच पोरं शाळेत येणार नाहीत.

रंगानंतरची दुसरी खोड म्हणजे शाळा घसरली की गुरुजींना धरायचं. धरायच्या आधी गुरुजी वर्गात आहेत का ते बघा. पाच वर्ग आणि दोन शिक्षक, हे आपल्या लहान शाळांचं नेहमीचं गणित. साठ मुलांपर्यंत दोनच शिक्षक, असं कायद्याचं परिशिष्टच सांगतं. त्या दोघांतले एक मतदार यादीच्या कामाला, दुसरे मोबाइलवर कुठल्यातरी लिंकमध्ये माहिती भरताहेत, तीही 'आज सायंकाळी पाचपर्यंत'. कायद्याचं 27 वं कलम म्हणतं की जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका सोडून शिक्षकांना बिगर-शैक्षणिक कामाला लावता येणार नाही. आपल्या राज्य सरकारनं 2024 मध्ये कामांची शैक्षणिक आणि अशैक्षणिक अशी वर्गवारीही करून दिली. ती वर्गवारी वाचायला लावणारा परिपत्रकाचा मेसेज शिक्षकांनी बहुधा तास सुरू असतानाच वाचला असेल.

इथे गुरुजी तोंड उघडू शकत नाहीत, नोकरी आहे. समिती उघडू शकते, तिची बदली होत नाही. ठराव करायचा: या महिन्यात आमच्या शाळेत इतके दिवस एकच शिक्षक होते, दुसरे अमुक कामावर होते, पर्याय द्या. तो ठराव केंद्रप्रमुखांमार्फत गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे पाठवायचा आणि पोच घ्यायची. पोच महत्त्वाची. तोंडी तक्रारीला साहेब 'बघतो' म्हणतात आणि खरंच नुसतं बघतात. कलम 32 प्रमाणे स्थानिक प्राधिकरणाकडे लेखी तक्रार गेली, तर तीन महिन्यांत निर्णय द्यावा लागतो. समितीच्या अध्यक्षाला आमदाराचा मोबाइल नंबर पाठ असतो. हे कलम पाठ असलेला अध्यक्ष भेटला तर मला कळवा, मी त्याचा फ्लेक्स लावायला तयार आहे.

पैशाचं फार बोलायला नको, कारण पैसा फार नाहीच. समग्र शिक्षाच्या निकषात 31 ते 100 पटाच्या शाळेला वर्षाचं संयुक्त अनुदान 25 हजार रुपये. एका लग्नातल्या डीजेचा खर्च. पण तेवढ्याचा हिशेबसुद्धा समितीनं कधी मोठ्यानं वाचला आहे?

आणि समितीला काही कळत नाही, असं ज्यांना वाटतं त्यांच्यासाठी गणवेशाची गोष्ट. पूर्वी गणवेश समिती घ्यायची. 2024-25 मध्ये सरकारनं ठरवलं की गावच्या लोकांना कापडातलं काय कळतं, 'एक राज्य, एक गणवेश' आपणच देऊ. शाळा सुरू होऊन महिने उलटले तरी कुठे गणवेश पोचला नाही, कुठे पोचला तो एकाला ढगळ आणि दुसऱ्याला आखूड. डिसेंबर 2024 मध्ये काम निमूटपणे पुन्हा समित्यांकडे आलं. गावच्या शिंप्याला पोराचं माप घेता येतं आणि मंत्रालयाला येत नाही, हा शोध लागायला एक अख्खं सत्र खर्ची पडलं.

तरीही आपल्याला नायक लागतो. परितेवाडीच्या रणजितसिंह डिसले यांना 2020 चा जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला, आपण मिरवलं. खेड तालुक्यातली जालिंदरनगरची शाळा 2022 च्या सुमारास हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या पोरांवर आली होती. नवे गुरुजी आले, गाव मागे उभं राहिलं, आणि 2025 मध्ये जागतिक पातळीवरच्या शाळा पुरस्कारांत लोकपसंतीचा मान तिनं मिळवला. छान झालं. पण आपण यातून नेमका उलटा धडा घेतो: आमच्याकडेही तसले गुरुजी पाठवा. शाळा जालिंदरनगरची जगप्रसिद्ध झाली आणि इतर गावं बदलीच्या पोर्टलकडे डोळे लावून बसली. गुरुजी येतात आणि जातात. ते गेल्यावर चार आकड्यांची वही कोण चालू ठेवणार, हे गाव आधी ठरवत नाही. म्हणून एका बदलीत शाळा वर येते आणि दुसऱ्या बदलीत खाली.

समितीला खरी जाग कधी येते ते सगळ्यांना माहीत आहे. 2023 मध्ये वीसपेक्षा कमी पटाच्या सुमारे पंधरा हजार शाळांच्या जागी समूह शाळांचा विषय निघाला, तेव्हा गावोगावी विरोधाचे ठराव झाले, मोर्चे निघाले. रास्तच होते, सहा वर्षांच्या पोरानं ओढा ओलांडून दुसऱ्या गावी का जावं? पण पट पन्नासावरून अठरावर येत होता त्या सगळ्या वर्षांत त्याच समितीच्या वहीत एकही ठराव नव्हता. शाळा गावाची आहे हे शाळा जायला लागल्यावरच आठवतं.

तुमचं मूल सरकारी शाळेत असेल, तर समितीची पुढची सभा कोणत्या तारखेला आहे ते उद्याच विचारा. सदस्य असाल तर नवऱ्याला घरी ठेवा आणि स्वतः जा. इतिवृत्त वाचल्याशिवाय सही करू नका. आणि 'शैक्षणिक प्रगती समाधानकारक' असं लिहिलेलं दिसलं, तर तिथेच एका पोराला बोलावून त्याच्या हातात पुस्तक द्या.